वृत्तपत्री कागद : कॅनडा आणि भारत

सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्रातील बातम्यांची चर्चा अमरावती व अकोला येथील सुशिक्षित घरांत मोठ्या हिरीरीने होत असते. परंतु ज्या कागदावर त्या बातम्या छापल्या जातात तो कोठून आला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कागदाशी घराचा संबंध येतो तो रद्दीवाला काटा घेऊन दाराशी उभा राहतो तेव्हा. वास्तविक त्या काट्याचा उपयोग पहिल्याच दिवशी केला, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होण्यासारखा आहे.

बारा पानी दैनिक म्हणजे सहा ताव. प्रत्येक ताव सुमारे ५५ सेंटीमीटर उंच व ३५ सेंटीमीटर रुंद धरला, तर सहा तावांचे क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या किंचित आत भरते. वृत्तपत्री कागद दर चौरस मीटरास साधारणतः ४५ ग्रॅम वजनाचा असतो. यावरून एका अंकाचे वजन सुमारे ५२ ग्रॅम निघते. म्हणजे एक टन कागदात एकोणीस हजार अंक निघतील, आणि दहा हजार प्रती खपणाऱ्या जिल्हापत्रास वर्षाकाठी पावणेदोनशे टनांहून अधिक कागद लागेल. हा हिशोब प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यासही करता येईल. परंतु त्याच्या पुढची पायरी मात्र वर्तमानपत्राच्या चालकाची झोप उडविणारी आहे. २०२० साली बाहेरून येणाऱ्या या कागदाचा भाव टनास साडेचारशे डॉलरच्या आसपास होता. २०२२ च्या आरंभी तो हजार डॉलरच्या घरात गेला. डॉलर पंचाहत्तर रुपयांचा धरला, तर एका अंकातील नुसत्या कागदाची किंमत पावणेदोन रुपयांवरून जवळजवळ चार रुपयांवर गेली. शाई, छपाई, पगार, एजंटाचे कमिशन, सर्व निराळे. मुंबईच्या पत्रास मोठ्या जाहिरातींचा आधार असतो. जिल्ह्याच्या पत्राने एवढी वाढ कोठून भरून काढावी? त्यास पाने कमी करावी लागतात, आणि पाने कमी झाली म्हणजे प्रथम गळते ती तालुक्याची बातमी.

भाव एवढा कशाने चढला? त्याची कारणे मुंबईत नव्हती, दिल्लीत तर नव्हतीच. फिनलंडमधील एका मोठ्या कंपनीच्या कामगारांचा संप १ जानेवारी २०२२ पासून सुमारे चार महिने चालला. त्याच फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली, आणि भारतास वृत्तपत्री कागद पुरविणाऱ्या देशांत रशियाचे स्थान मोठे होते. जहाजांचे भाडे त्यापूर्वीच चढलेले होते. या काळात भारत आपल्या गरजेचा निम्म्याहून अधिक वृत्तपत्री कागद बाहेरून आणीत होता. विकणारा देश आणि विकत घेणारा देश यांतील अंतर ते हेच. ते नीट समजावयाचे तर या व्यापारात दीर्घकाळ अग्रेसर राहिलेला कॅनडा आणि दीर्घकाळ गिऱ्हाईक राहिलेला भारत यांस शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

सामान्य समजूत अशी की, कॅनडात झाडे आहेत म्हणून तेथे कागद होतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. कॅनडातील जंगलांचे क्षेत्र भारताच्या एकंदर क्षेत्रफळाहून अधिक आहे, आणि त्या देशाची सुमारे चार कोटींची वस्ती महाराष्ट्राच्या वस्तीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी आहे, हे खरे. परंतु झाडांचा कागद होतो ही गोष्टच मुळी पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणास ठाऊक नव्हती. तोपर्यंत युरोप-अमेरिकेतील कागद जुन्या चिंध्यांपासून, म्हणजे कापूस व जवस यांच्या तंतूंपासून होत असे. वर्तमानपत्रे वाढली तशा चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या. १८४४ साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागातील चार्ल्स फेनर्टी या तरुणाने लाकूड वाटून केलेल्या कागदाचा तुकडा हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्राकडे पाठविला. त्याच सुमारास जर्मनीत केलर नावाच्या गृहस्थाने स्वतंत्रपणे तोच शोध लावला, आणि यंत्रे निघाली ती केलरच्या शोधावरून. फेनर्टीस त्यातून काही मिळाले नाही.

लाकडाचा लगदा दोन रीतींनी होतो. एकीत लाकूड रसायनांत शिजवून त्यातील तंतूंस चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ काढून टाकतात. असा लगदा पांढरा व बळकट होतो, पण लाकडाच्या वजनाचा निम्माच हाती लागतो. दुसऱ्या रीतीत लाकूड दगडी चाकावर अथवा पोलादी तबकड्यांमध्ये नुसते भरडतात. तीत नव्वद टक्क्यांवर माल मिळतो, म्हणून तो स्वस्त. मात्र लिग्निन आतच राहते. खिडकीपाशी चार दिवस पडलेले वर्तमानपत्र पिवळे पडते आणि जुनी वही तितक्या लवकर पडत नाही, याचे कारण हे लिग्निन होय. या भरडण्यास वीज फार लागते. टनास दोन हजार युनिटांच्या वर. शिवाय तंतू लांब हवा, कारण छापखान्यात कागदाचे रीळ विलक्षण वेगाने धावते आणि आखूड तंतूंचा कागद मध्येच तुटतो. उत्तरेकडील स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाचा तंतू सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो. आपल्याकडील बहुतेक रुंद पानांच्या झाडांचा तंतू एक मिलिमीटरच्या आसपासच भरतो. बांबू या दोहोंच्या मध्ये बसतो.

क्वीबेक प्रांतात स्प्रूसची अरण्ये, ओंडके वाहून आणणाऱ्या नद्या आणि त्याच नद्यांच्या धबधब्यांवर होणारी स्वस्त वीज ही तिन्ही एकत्र आली. ट्रुआ-रिव्हिएर हे गाव एके काळी वृत्तपत्री कागदाची जागतिक राजधानी म्हणून मिरवीत असे ते याच जोरावर. तथापि निसर्गाच्या या देणगीवरच कॅनडा श्रीमंत झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओंडके कॅनडाचे आणि कागद मात्र अमेरिकेचा, अशी स्थिती होती. लाकूड सीमेपलीकडे जाई, कारखाने तिकडे चालत, मजुरी व नफा तिकडे राही. तेव्हा ऑन्टॅरिओ प्रांताने १९०० साली आणि क्वीबेकने १९१० साली असा निर्बंध घातला की, सरकारी जंगलातील कागदाचे लाकूड कच्च्या स्थितीत देशाबाहेर जाता कामा नये. कॅनडातील बहुतेक जंगल सरकारी मालकीचे असल्याने या एका कलमाने बाजी फिरली. अमेरिकेच्या वर्तमानपत्रांस तर कागद पाहिजेच होता. त्यांच्या दडपणाने अमेरिकेने १९१३ मध्ये त्यावरील जकात उठविली. शिकागो ट्रिब्यून या पत्राने तर ऑन्टॅरिओत थोरोल्ड येथे स्वतःचाच कारखाना काढला. १९२६ पर्यंत कॅनडा वृत्तपत्री कागदाच्या उत्पादनात अमेरिकेच्या पुढे जाऊन जगात पहिला झाला.

वऱ्हाडच्या वाचकास येथे आपल्या कापसाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे भाग्य उजळले. खामगावास १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते रेल्वेचा फाटा सुरू झाला. बडनेऱ्याहून अमरावतीसही फाटा आला. या आगगाड्यांनी गाठी बंदरावर नेल्या आणि कापडाचे तागे परत आणले. पुढे वऱ्हाडात काही गिरण्या निघाल्या; परंतु कापसाचा मोठा भाग सरकी काढून, दाबून बाहेरच जात राहिला. ऑन्टॅरिओने आपल्या ओंडक्यास जे कलम लाविले ते वऱ्हाडने आपल्या गाठीस का लाविले नाही, असे कोणी विचारील तर उत्तर सोपे आहे. ऑन्टॅरिओच्या हाती कायदा होता, वऱ्हाडच्या हाती तो नव्हता. कापूस विकणारा कास्तकार सावकाराच्या देण्यात होता आणि त्यास माल अडवून धरण्याची सोय नव्हती, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

भारतातील कागदाच्या धोरणाची सुरुवात मोठी विचित्र आहे. १९२५ च्या कायद्याने बांबूपासून कागद करणाऱ्या देशी धंद्यास संरक्षण मिळाले. बाहेरून येणाऱ्या लिहिण्याच्या व छपाईच्या कागदावर पौंडास एक आणा जकात बसली. परंतु ज्यात शेकडा पासष्टाहून अधिक भरडलेला लाकडी लगदा आहे असा वृत्तपत्री कागद त्यातून मुद्दाम वगळण्यात आला. देशात तो होत नव्हता आणि वर्तमानपत्रे महाग होऊ नयेत, अशी त्यामागची भूमिका होती. वाचकांच्या दृष्टीने ती योग्यच म्हणावी लागेल. परिणाम मात्र असा झाला की, वह्यांचा कागद देशात होऊ लागला आणि वर्तमानपत्रांचा परदेशी राहिला. १९४० साली जर्मनीने नॉर्वे घेतला, समुद्र धोक्याचे झाले, आणि या सवलतीची दुसरी बाजू दिसली. कागदावर नियंत्रण आले, पाने घटली, नवीन पत्र काढणे दुरापास्त झाले.

युद्ध संपताच जे प्रयत्न झाले त्यांतील मोठा प्रयत्न वऱ्हाडच्या उंबरठ्यावरच झाला. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर लागते. तेथे वृत्तपत्री कागदाचा कारखाना काढण्यासाठी जानेवारी १९४७ मध्ये एक खासगी कंपनी नोंदली गेली. तिला भार पेलेना, तेव्हा १९४९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने तिचा कारभार हाती घेतला. पुढे तो मध्यवर्ती सरकारकडे गेला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. त्या दिवशी नेपानगर, अमरावती आणि अकोला एकाच राज्यात होती. सहा महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्ये सीमा आली.

नेपानगरने स्प्रूसच्या जागी सालई घेतली. जिच्या डिंकाचा धूप देवघरात जळतो तीच ही सालई. तिचे लाकूड मऊ व फिकट, म्हणून भरडण्यास योग्य. पण तंतू आखूड. त्यास बळकटी यावी म्हणून बांबूचा रासायनिक लगदा त्यात मिसळावयाचा, अशी योजना होती. पाणी तापीचे होते, परंतु धबधब्याची वीज नव्हती. ती कोळसा जाळून करावी लागे. आरंभीची क्षमता वर्षाला तीस हजार टनांची, पुढे ती वाढविण्यात आली. सुमारे पंचवीस वर्षे देशातील वृत्तपत्री कागदाचा हा एकच कारखाना होता. कॅनडात जी तीन साधने निसर्गाने एके ठिकाणी दिली, ती येथे एकेक करून जुळवावी लागली, आणि जुळविलेल्या गोष्टीस खर्च अधिक येतो. तरीही हा प्रयत्न फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय लाकडावर वर्तमानपत्र छापता येते, हे त्याने दाखवून दिले.

कागद थोडा आणि तो सरकारच्या हातून मिळणारा, म्हणजे वाटपाचा प्रश्न आला, आणि वाटपापाठोपाठ छपाईच्या स्वातंत्र्याचा. पानांच्या संख्येवरून पत्राची किंमत ठरविण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने सरकारने घेतला आणि १९६० मध्ये तसा हुकूम काढला. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यास काढलेले ‘सकाळ’ त्या वेळी आठवड्यातील पाच दिवस सहा पाने सात नव्या पैशांस देत असे. त्यास किंमत वाढविणे अथवा पाने घटविणे भाग पडले असते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६१ च्या सप्टेंबरात न्यायालयाने तो कायदा व हुकूम भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरविले. १९७२ साली दहा पानांची मर्यादा घालणारे कागदवाटपाचे धोरणही याच कारणास्तव रद्द झाले. १९९० नंतरच्या दशकात आयात खुली झाली. जुलै २०१९ मध्ये वृत्तपत्री कागदावर दहा टक्के जकात बसली. पुढील फेब्रुवारीत ती पाच टक्क्यांवर आणण्यात आली. देशी कारखान्यास जी जकात आधार वाटते ती जिल्हापत्रास ओझे वाटते. १९२५ साली हा वाद होता, शंभर वर्षांनीही तो मिटलेला नाही.

मध्यंतरी विकणाऱ्याचीही दशा पालटली. २००० च्या सुमारास कॅनडा वर्षाला नव्वद लाख टनांवर वृत्तपत्री कागद करीत होता. लोक पडद्यावर वाचू लागले, अमेरिकेतील पत्रांचा खप घसरला, आणि वीस वर्षांत या उत्पादनाचा तिसरा हिस्साही उरला नाही. २०१८ साली अमेरिकेने कॅनडाच्या कागदावर जकात बसविली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने ती उडवून लावली. पॅसिफिक किनाऱ्यावरील पॉवेल रिव्हर येथील, १९१२ पासून चाललेला प्रसिद्ध कारखाना २०२१ मध्ये थांबला आणि २०२३ मध्ये कायमचा बंद झाला. एकाच मालावर आणि एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबून राहणाऱ्या गावाची अवस्था काय होते, हे कापसाच्या मंदीतून गेलेल्या वऱ्हाडास निराळे सांगावयास नको. भारतास कॅनडा आजही आठवतो तो अधिक करून मसूर व पिवळ्या वाटाण्यामुळे. अकोल्याच्या दाळबाजारास त्याचा अनुभव आहे.

इकडे भारत कागदात मागे राहिला, असेही आता म्हणता येत नाही. देशात वर्षाला दोन कोटी टनांवर कागद व पुठ्ठा तयार होतो. माणशी खप मात्र पंधरा किलोंच्या आसपास, म्हणजे जगाच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. या उत्पादनापैकी शेकडा सत्तरच्या आसपास माल रद्दीपासून होतो. देशातील रद्दी पुरत नाही, म्हणून अमेरिका व युरोप येथून जुनी खोकी व कागद जहाजे भरून येतात. १ जानेवारी २०२१ पासून चीनने परदेशी रद्दी घेणे पूर्णपणे बंद केले, तेव्हा तेथील कारखान्यांस रद्दीऐवजी तिचा तयार लगदा व तपकिरी कागद पाहिजे झाला, आणि भारतीय कारखान्यांनी तो पुरविला. २०२१-२२ मध्ये भारताची कागद व पुठ्ठ्याची निर्यात सुमारे चौदा हजार कोटी रुपयांवर गेली. ज्या देशाने शंभर वर्षे वर्तमानपत्रासाठी परक्याचा तयार कागद घेतला, तोच येथे परक्याचा कच्चा माल घेऊन तयार माल विकू लागला. ऑन्टॅरिओने १९०० साली जे ओळखले होते त्याचीच ही दुसऱ्या टोकाकडून झालेली प्रचीती म्हणावी. याच सुमारास आग्नेय आशियाच्या देशांतून बिनजकातीचा कागद व पुठ्ठा येऊ लागल्याने देशी कारखानदारांची तक्रारही वाढली. २०१४ पासून त्या देशांच्या कागदास जकात उरलेली नाही.

पुठ्ठ्याचे नाव निघाले म्हणजे वरुड-मोर्शीच्या संत्र्याकडे लक्ष जाते. लाकडी पेटीच्या जागी पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्याचे खोके आले आहे. या खोक्याच्या कागदास मजबुती येते ती परदेशी रद्दीतील लांब तंतूमुळे. मग वऱ्हाडच्या शेतात दरसाल जळून जाणाऱ्या पऱ्हाटीचे काय? महाराष्ट्रात कापसाखाली सुमारे चाळीस लाख हेक्टर जमीन असते. हेक्टरी दोन टन वाळली पऱ्हाटी धरली तरी आकडा ऐंशी लाख टनांवर जातो. तिच्यापासून लाकडी भुशासारखे दाबलेले तक्ते होतात, हे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाखविले आहे, लगदाही होतो. वृत्तपत्री कागद मात्र तिच्या एकटीवर होणार नाही, कारण तंतू एक मिलिमीटरच्या आत. तपकिरी कागद व पुठ्ठा होऊ शकेल. खरी अडचण गोळा करण्याची आहे. पऱ्हाटी उपटण्याचा हंगाम दोन महिन्यांचा, कारखान्यास मात्र माल बाराही महिने हवा. ती फुगीर असल्याने गाडीभर भरली तरी वजन थोडे, आणि तीस कोस वाहून नेली की तिची किंमत भाड्यातच जाते. शिवाय साठवून ठेवली तर बोंडअळीस आश्रय मिळतो. शेतातच तिचे तुकडे करणारी यंत्रे आली तर हिशोब काहीसा बदलेल. ओंडके नदीत टाकून फुकट वाहून आणणाऱ्या क्वीबेकशी या बाबतीत बरोबरी होणे मात्र नाही.

राहता राहिली बांबूची गोष्ट. मेळघाटातील मोठे क्षेत्र १९७३-७४ पासून वाघांसाठी राखलेले आहे. तेथील बांबू कागदासाठी नाही, आणि असू नये. बल्लारपूरचा कारखाना चंद्रपूरकडील बांबूवर वाढला, पण त्याचा कागद लिहिण्या-छापण्याचा, वर्तमानपत्राचा नव्हे. नेपानगरचे उत्पादन २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी थांबले होते. ते ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा सालई आणि बांबू मागे पडले होते. नवी यंत्रसामग्री जुन्या कागदाची शाई धुऊन लगदा करणारी आहे.

म्हणजे अमरावतीच्या घरातील रद्दी हाच आता कच्चा माल ठरला. दिवसास ५२ ग्रॅम या हिशोबाने एका घरातून वर्षाला सुमारे एकोणीस किलो निघतो. तंतू पाच ते सात वेळा लगद्यातून जाऊ शकतो; प्रत्येक वेळी तो थोडा आखूड होतो व अखेर पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून नवा लांब तंतू मधून मधून मिसळावाच लागतो आणि तो विकतच घ्यावा लागतो. रद्दी कोरडी व निवडलेली असेल तर वर्तमानपत्र पुन्हा वर्तमानपत्र होऊ शकते. खोकी, वह्या, तेलकट पुड्या यांत ते मिसळले किंवा पावसात भिजले, की सरसकट तपकिरी पुठ्ठ्याच्या हौदात जाते. रद्दीवाले कोरड्या वर्तमानपत्रांस निराळा, अधिक भाव देतात तो याचसाठी.